परक्या युद्धाबद्दल खासदाराला पत्र लिहायचं असेल तर

मी सतरा वर्षं एका खासदारांच्या दिल्लीतल्या कार्यालयात होते. टपाल फोडायचं, लावायचं, उत्तरं टाइप करायची आणि अधिवेशनाच्या आधी प्रश्नांचे मसुदे करायचे, हे माझं काम. २००२ साली लागले, २०१९ साली सोडलं. या काळात इराक झालं, लेबनॉन झालं, लिबिया, सीरिया, येमेन झालं. टीव्हीवर बॉम्ब दिसायला लागले की आठवड्याभरात टपालाचा गठ्ठा फुगायचा. लोक अगदी पोटतिडकीने लिहायचे. त्यातली बहुतेक पत्रं मी ‘पोच द्यावी’ असा शेरा मारून फायलीला लावायची, कारण ती हातात घेऊन पुढे करण्यासारखं काहीच त्यांत नसायचं. ‘हे युद्ध थांबलं पाहिजे, आपण आवाज उठवावा.’ बरोबरच आहे. पण खासदाराने उद्या सकाळी नेमकं काय करावं, ते पत्रात नसायचं.

त्या फायली मला अजून आठवतात. म्हणून आता कुणी विचारलं, की इतक्या दूरच्या युद्धाबद्दल माझ्यासारख्या माणसाने काय करायचं, तर मी पत्र कसं लिहायचं ते सांगते. तुमच्या वतीने परराष्ट्र धोरण सरकार चालवतं आणि त्या सरकारला संसदेत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर मागणं एवढी जबाबदारी तरी आपल्याकडे येतेच.

लिहायला बसण्याआधी एक दिवस फक्त शोधाशोधीत घालवा. या युद्धात आपल्या देशाचा हात कुठे कुठे लागतो, हे पाहायचं. चार जागा तपासा.

पहिली, मतदान. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपण बाजूने मत दिलं, विरोधात दिलं की तटस्थ राहिलो? २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये भारत होता. गाझाच्या बाबतीत २७ ऑक्टोबर २०२३ ला आपण तटस्थ होतो, १२ डिसेंबर २०२३ ला युद्धविरामाच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ राहिलो. मत दिल्यावर आपले प्रतिनिधी बहुधा त्याचा खुलासा करतात आणि तो खुलासा न्यूयॉर्कमधल्या आपल्या कायमस्वरूपी प्रतिनिधीमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. बातमीत त्याची एखादी ओळ येते. पूर्ण वाचा. सहसा पान-दीड पानच असतो.

दुसरी जागा, देवाणघेवाण. आपण त्या देशाला काय विकतो आणि त्याच्याकडून काय घेतो? २०२२ च्या आधी आपल्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. हे चूक की बरोबर यावर घरोघर वाद होतील, पण निदान आकडा माहीत असू द्या. तिसरी जागा, माणसं. आपले विद्यार्थी, नर्स, बांधकाम मजूर, जहाजांवरचे खलाशी त्या टापूत किती आहेत आणि त्यांना तिथे कुणी नेलं? चौथी जागा, मदतीचा पैसा. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत अलीकडच्या वर्षांत दर वर्षी ५० लाख डॉलर देत आला आहे. यंदा दिले का, हा अगदी साधा आणि चांगला प्रश्न आहे.

या चारांतली एकच जागा निवडा. चारही मुद्दे एका पत्रात कोंबले की चारही हातचे जातात.

आता मंत्रालय, कारण इथे लोक हमखास चुकतात. सगळं परराष्ट्र मंत्रालयाला विचारायचं, असं वाटतं. पण लष्करी सामग्रीच्या निर्यातीचे परवाने संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, तेलाचा प्रश्न पेट्रोलियम मंत्रालयाचा, मजुरांच्या भरतीत कौशल्य विकास मंत्रालयही येतं. चुकीच्या मंत्र्याच्या नावाने गेलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो, तोवर त्या मंत्र्याचा वार निघून जातो. प्रत्येक मंत्रालयाला उत्तरं देण्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो.

पुढची गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. मला नोकरीत जेमतेम वर्ष झालं होतं. मी रात्री जागून एक प्रश्न तयार केला. शेजारच्या कार्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्यांना मोठ्या उमेदीने दाखवला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि काही न बोलता शब्दांवर रेघा मारायला लागले. ‘बेकायदेशीर’ गेला. ‘अमानुष’ गेला. ‘साम्राज्यवादी’ गेला. ‘सरकारचं मत काय आहे’ हे अख्खं वाक्य गेलं. शेवटी ‘युद्ध लांबलं तर’ हेही गेलं. कागदावर उरलं ते एवढंच, की कुवेतमध्ये आणि इराकमध्ये किती भारतीय आहेत आणि त्यांना परत आणण्याची काय व्यवस्था आहे. मला रडू आलं होतं. मग त्यांनी लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांचं पुस्तक उघडून नियम ४१ दाखवला.

तो नियम तुम्हीही एकदा वाचाच. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या वर जाऊ नये. त्यात वाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणं नसावीत. मत विचारता येत नाही. ‘असं झालं तर काय’ असं विचारता येत नाही. मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख करता येत नाही. म्हणजे युद्धाबद्दल आपल्या मनात जे सगळ्यात आधी येतं, ते नेमकं बाहेर राहतं. सुरुवातीला मला हा नियम म्हणजे तोंड दाबणं वाटायचं. सतरा वर्षांनंतर मला तो उपयोगाचा वाटतो, कारण मत विचारलं की मंत्री मतच देतात, ‘भारताने नेहमीच संवाद आणि मुत्सद्देगिरीचा पुरस्कार केला आहे’ असं, आणि तिथे बोलणं संपतं. किती, कधी, कुणी, कोणत्या नियमाखाली, असं विचारलं की आकडा द्यावा लागतो किंवा तो देणार नाही हे तरी नोंदवावं लागतं.

म्हणून पत्रासोबत प्रश्नाचा कच्चा मसुदाच जोडा. छापील यादीत प्रश्नांची सुरुवात ‘क्या विदेश मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’ अशी असते आणि मग क, ख, ग. तुम्ही मराठीत लिहिलंत तरी चालेल, भाषांतर कार्यालय करून घेतं. समजा, युद्ध करणाऱ्या एखाद्या देशाला आपल्याकडून शस्त्रांचे सुटे भाग जातात अशी बातमी वाचून तुम्ही अस्वस्थ आहात. मसुदा असा होईल:

संरक्षण मंत्री कृपया सांगतील का, की
(क) गेल्या तीन वर्षांत अमुक देशाला लष्करी वापराच्या वस्तू निर्यात करण्याचे किती परवाने दिले गेले;
(ख) त्यांपैकी किती परवाने युद्ध सुरू झाल्यानंतरचे आहेत;
(ग) परवाना देताना अंतिम वापरकर्त्याचं जे प्रमाणपत्र घेतलं जातं, त्याची माल पोचल्यावर पडताळणी होते का;
(घ) होत असल्यास तपशील काय, होत नसल्यास कारणं काय?

यात एकही कडवट शब्द नाही, तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला खुर्चीत सावरून बसावं लागतं. (ग) मध्ये सगळा जीव आहे. आकडे ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव’ नाकारले जाऊ शकतात, पण पडताळणी होते की नाही हे सांगायला सुरक्षेची सबब पुढे करणं अवघड जातं. तुमचा विषय वेगळा असेल, पण असा एक उपप्रश्न ठेवाच, ज्याचं उत्तर हो किंवा नाही यातच द्यावं लागेल.

शब्दांवरून आणखी एक. एप्रिल २००३ मध्ये इराक युद्धावर संसदेचा ठराव करायचा ठरलं. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी होते. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला अमेरिकेशी संबंध बिघडू द्यायचे नव्हते. बरीच घासाघीस झाली आणि ८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदीत शब्द होता ‘निंदा’. इंग्रजीत त्याच्यासाठी सौम्य शब्द निवडला, ज्याला आपण फार तर ‘खेद’ किंवा ‘नापसंती’ म्हणू. ज्याला जे ऐकायचं होतं, ते त्याने ऐकलं. आपल्या मराठीत तर निंदा म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, आणि ठरावात आपण निषेध करतो. त्यामुळे तुम्ही पत्रात ‘संसदेने निंदा करावी’ असं हिंदी बातम्यांवरून उचलून लिहू नका. निषेध हवा असेल तर निषेध म्हणा, आणि कशाचा ते नाव घेऊन म्हणा: शाळेवरचा हल्ला, अन्नाची अडवणूक, ओलीस ठेवणं. तो ठराव मवाळ होता असं तेव्हा अनेकांना वाटलं, मलाही वाटलं. पण त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने इराकसाठी आपलं सैन्य मागितलं. जवळजवळ एक डिव्हिजन, सुमारे १७ हजार जवान. वाजपेयींच्या सरकारात दोन्ही बाजूंनी खल चालला, विरोधी पक्ष आणि डावे ठाम विरोधात राहिले, आणि १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने कळवलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य जाणार नाही. त्या अडीच-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेली पत्रं फायलीला लागली नाहीत. त्यांत एक नेमकी मागणी होती, सैन्य पाठवू नका, आणि हो की नाही हे अजून ठरायचं होतं. पत्राची वेळ म्हणतात ती अशी.

आता मुत्सद्देगिरीबद्दल थोडं. हे नीट समजून न घेता लिहिलेली पत्रं मी फार पाहिली. ‘त्या हुकूमशहाशी बोलताच कसे?’ असं लोक रागाने लिहितात. माझे मामा १९९० मध्ये कुवेतला एका गॅरेजमध्ये कामाला होते. ऑगस्टमध्ये सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आपले परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामला भेटले, आणि त्या भेटीत सद्दामने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापून आला आणि भारतावर खूप टीका झाली. त्यानंतर आपली माणसं बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनमधल्या अम्मानला पोचली आणि तिथून विमानांनी मुंबईला आली. जवळजवळ दोन महिने ही ने-आण चालली, १ लाख ७० हजारांच्या वर माणसं परत आली. मामा त्यातले एक. हातात पासपोर्ट आणि चहाचा थर्मास, बाकी सगळं तिथेच राहिलं. आमच्या घरात त्या मिठीला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

पण १९९२ मध्ये मामा पुन्हा कुवेतला कामाला गेले. त्यांच्या जुन्या मालकाच्या भावाला इराकी सैनिकांनी उचलून नेलं होतं, तो परत आला नव्हता. मालकाने मामांना चहा दिला, हालहवाल विचारली, आणि मग विचारलं, ‘तुमच्या मंत्र्याने त्या माणसाला मिठी का मारू दिली?’ मामा म्हणायचे, मला उत्तर सुचलं नाही, मी कप खाली ठेवला.

मला वाटतं पत्र लिहिताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असाव्यात. बोलणी तोडा, अशी मागणी करण्याआधी तिथे अडकलेल्या माणसांचं काय, हे स्वतःला विचारा. आणि बोलणी चालू असतील तर त्यांतून काय मिळालं, आपण कशाबद्दल गप्प राहिलो, हे सरकारला विचारा. पंतप्रधानांनी १६ सप्टेंबर २०२२ ला समरकंदमध्ये पुतिन यांना तोंडावर सांगितलं, की आजचं युग युद्धाचं नाही. चांगलं झालं. त्यानंतर रशियाच्या सैन्यात फसवून भरती केलेल्या आपल्या मुलांना सोडवण्यासाठी किती वेळा विषय काढला, किती जण परत आले, किती मारले गेले, हे विचारणं आपलं काम. संविधानाचा आधारही घेता येतो. अनुच्छेद ५१ सांगतो, की राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता वाढवण्याचा, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर जोपासण्याचा आणि तंटे लवादाने मिटवण्याला उत्तेजन देण्याचा प्रयत्न करावा. पत्रात त्याचं एक वाक्य पुरतं.

पत्र कुणाला लिहायचं? तुमचे लोकसभेचे खासदार एकच. पण ते मंत्री असतील तर प्रश्न विचारू शकत नाहीत, आणि नसले तरी पक्षाच्या भूमिकेमुळे कचरू शकतात. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ सदस्य जातात, हे लोक विसरतात. त्यांतले परराष्ट्र विषयात रस घेणारे कोण, ते संसदेच्या संकेतस्थळावर त्यांचे जुने प्रश्न पाहिले की कळतं. त्यांना लिहा.

पत्र एक पान. वर तुमचं नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मतदारसंघ. मी सगळ्यात आधी पिनकोड बघायची. तुम्ही या विषयाशी कसे जोडलेले आहात, ते दोन ओळींत: शिक्षक आहात, मुलगा तिकडे शिकतो, काहीच नसेल तर बातम्या वाचून झोप लागत नाही असंही चालेल, खरं असलं की झालं. मग तुम्हाला काय सापडलं, तारखेसह. मग मागणी, एकच. मागे प्रश्नाचा मसुदा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर दीडशे जणांनी आपापल्या सह्यांनी पाठवला तर कार्यालय त्याला एकच पत्र धरतं. हाताने लिहिलेली, वेगवेगळ्या शब्दांतली चार पत्रं आली की मात्र खासदारांच्या टेबलावर जातात. फोटो आणि व्हिडिओ जोडू नका, त्यांतले किती जुने किंवा दुसऱ्याच देशातले निघायचे याची गणती नाही, आणि एक खोटा निघाला की पत्रातल्या खऱ्या गोष्टीही संशयात येतात.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच पत्र जायला हवं. अधिवेशन सुरू झाल्यावर येणारी पत्रं शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली उपयोगी पडतात, तिथे खासदार एखादा मुद्दा मांडू शकतात. मोठी चर्चा हवी असेल तर नियम १९३ आहे. युक्रेनवर ५ आणि ६ एप्रिल २०२२ ला लोकसभेत अशीच चर्चा झाली आणि परराष्ट्रमंत्र्यांनी तिच्या उत्तरात युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्यांचा निषेध करून स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला.

कोर्टात जावं का, असंही लोक विचारतात. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ ला फेटाळली. परराष्ट्र धोरण हा आपला प्रांत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. माहितीचा अधिकार मात्र वापरा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. परदेशाशी संबंध बिघडतील असं सांगून कलम ८ खाली नकार येऊ शकतो, म्हणून ‘का’ विचारू नका, कागद मागा: परिपत्रकाची प्रत, अमुक तारखेपासूनची संख्या. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील.

घरचंच माणूस तिकडे अडकलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. दूतावासात नोंदणी करा, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका आणि तो तक्रार क्रमांक खासदारांना फोन करून द्या. क्रमांक असेल तर त्यांना त्याच दिवशी मंत्रालयात बोलता येतं.

उत्तर आलं की ते शेवटून वाचायला लागा, टाळाटाळ बहुधा शेवटच्या उपप्रश्नात असते. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं लिहिलं असेल तर ते संसदेत आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं. त्यावर लक्ष ठेवणारी आश्वासन समिती असते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिने झाले की खासदारांना दोन ओळी टाका.

जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलमध्ये ४० भारतीय मजुरांना पळवून नेलं गेलं. त्यांतून सुटून आलेला एक जण सांगत होता, की बाकीच्या ३९ जणांना मारलं. सरकार म्हणत होतं, पुरावा नाही, शोध चालू आहे. घरचे लोक दिल्लीला यायचे, प्रश्न विचारले जायचे आणि पुन्हा तेच उत्तर यायचं. शेवटी २० मार्च २०१८ ला सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं, की ते सगळे गेले. जवळजवळ चार वर्षं. त्या काळात आमच्याकडे एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पोस्टकार्ड दर अधिवेशनाच्या आधी यायचं. त्या ३९ जणांत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. वर अनुक्रमांक घातलेला असायचा आणि खाली एकच ओळ, मागच्या उत्तराची तारीख देऊन: ‘यानंतर काय कळलं?’ शेवटचं कार्ड अकरावं होतं.